लकवा झालेल्या माणसाने चालावं कुठे?



आज मी एकाच प्रश्नावर बोलणार आहे. लकव्याचा झटका येऊन गेला, जीव वाचला, माणूस घरी आला. आता त्याने चालावं का, किती चालावं, आणि त्या चालण्याने त्याच्या बीपीचं काय होतं? स्मृतिव्याख्यानासाठी हा विषय कुणाला किरकोळ वाटेल. मला तो तसा वाटत नाही. आपल्या वऱ्हाडात कुठल्याही मध्यम गावात जा, एखाद्या ओसरीत, एखाद्या खाटेवर, एक बाजू लुळी पडलेला माणूस दिवस काढताना दिसतोच.

झटका येतो त्या दिवशी सगळं घर धावतं. १०८ ला फोन जातो, इथे अमरावतीत असेल तर इर्विन रुग्णालयात, तिकडे असेल तर अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात नेतात. सीटी स्कॅन होतो. रक्ताची गुठळी असेल आणि माणूस साडेचार तासांच्या आत पोचला असेल, तर ती विरघळवणारं इंजेक्शन देता येतं. पुढे काही दिवसांनी सुट्टी होते. गोळ्यांची पिशवी घेऊन माणूस घरी येतो आणि तिथून पुढे उपचार संपला असं सगळे धरून चालतात. मालिशवाला ठरतो. कुणी कबुतराच्या रक्ताचा उपाय सांगतं, कुणी लांबच्या गावचं तेल आणतं. आणि घरची माणसं अगदी मनापासून म्हणतात, "बाबा, तुमी आता काई करू नका, फक्त आराम करा."

हा आराम प्रेमापोटी आलेला असतो हे मला मान्य आहे. पण दुसऱ्या झटक्याला जी जी कारणं लागतात, त्यांतली बरीचशी त्याच आरामात वाढतात. आज मला सांगायचं आहे ते एवढंच.

आधी या आजाराचा आकार बघू. विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेत मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर काळकोंडे यांनी आणि सहकाऱ्यांनी ८६ गावांतला प्रत्येक मृत्यू दोन वर्षं तपासला. त्या गावांची लोकसंख्या सुमारे ९४ हजार. १५९९ मृत्यूंपैकी २२९ पक्षाघाताने झाले होते, म्हणजे शंभरातले चौदा. मृत्यूच्या कारणांत पक्षाघात पहिल्या क्रमांकावर होता. २०१५ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा बऱ्याच जणांना धक्का बसला, कारण गडचिरोली म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मलेरिया आणि कुपोषण येतं. बीपी आणि लकवा ही शहरातल्या खात्यापित्या घरांची दुखणी, हा समज त्या आकड्यांनी मोडला. त्यातली दुसरी एक गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते: पक्षाघाताने गेलेल्यांपैकी ८७ टक्के माणसं घरीच गेली. मरणारा घरी मरतो, तसा वाचणाराही घरीच राहतो. दवाखान्याचा आणि त्याचा संबंध काही दिवसांचा. बाकीची वर्षं त्याची आणि घराची.

आता बीपी. जगभरातल्या ३२ देशांतल्या रुग्णांवर 'इंटरस्ट्रोक' नावाचा मोठा अभ्यास झाला, त्यात भारतही होता. पक्षाघाताच्या धोक्यापैकी सुमारे ९० टक्के धोका बदलता येण्याजोग्या दहा कारणांशी जोडता येतो, असा त्याचा निष्कर्ष. त्यांतलं सगळ्यांत मोठं कारण वाढलेला रक्तदाब. एकूण धोक्याचा जवळपास निम्मा वाटा एकट्या त्याचा. शरीराला हालचाल नसणं हेही त्याच दहांत आहे. मेंदूच्या खोल भागात केसाइतक्या बारीक रक्तवाहिन्या मोठ्या वाहिनीतून थेट काटकोनात फुटतात. वरून येणारा दाब त्यांना थेट सोसावा लागतो. वर्षानुवर्षं दाब चढा राहिला की त्यांच्या भिंती जाड आणि कडक होतात. मग त्या एक तर बुजतात किंवा फुटतात. पहिला झटका येऊन गेला म्हणजे ही प्रक्रिया थांबली असं होत नाही. ज्या वाहिन्या अजून शाबूत आहेत त्यांच्यावर तोच दाब रोज पडत असतो.

म्हणून झटक्यानंतर बीपी खाली आणण्याला एवढं महत्त्व आहे. २००१ मध्ये 'प्रोग्रेस' या चाचणीचे निष्कर्ष आले. पक्षाघात किंवा त्याचा छोटा इशारा-झटका येऊन गेलेले ६१०५ रुग्ण त्यात होते. गोळ्यांनी वरचं बीपी सरासरी ९ आणि खालचं ४ मिलिमीटरने उतरलं, आणि पुन्हा पक्षाघात होण्याचं प्रमाण २८ टक्क्यांनी घटलं. ज्यांचं बीपी रूढ अर्थाने 'वाढलेलं' नव्हतं, त्यांनाही फायदा झाला. आज बहुतेक रुग्णांसाठी १३०/८० च्या खाली हे लक्ष्य मानलं जातं. आपल्याकडे मात्र "दीडशे हाय, वयाच्या मानानं चांगलं हाय" असं म्हणून गोळी बंद करणारे खूप भेटतात. वयाच्या मानाने चांगला दीडशे असा प्रकार लकवा होऊन गेलेल्या माणसासाठी नसतो.

गोळीचं काम झालं, मग चालण्याचं काय? एरोबिक व्यायाम म्हणजे मोठे स्नायू तालात, सलग काही वेळ हलत राहतील आणि श्वास थोडा जलद होईल असा व्यायाम. चालणं, सायकल, बसल्या जागी पायडल मारणं, पाण्यात चालणं. पक्षाघातातून सावरणाऱ्यांवर असे व्यायाम करून बघितलेल्या चाचण्या एकत्र मांडल्या, तर वरचं बीपी सरासरी तीन ते पाच मिलिमीटरने उतरलेलं दिसतं. लवकर सुरुवात केली आणि व्यायामासोबत खाणं, तंबाखू, गोळ्या यांचंही शिक्षण दिलं, तर फायदा जास्त दिसतो. कॉक्रेन या संस्थेने २०२० मध्ये पक्षाघातानंतरच्या शारीरिक क्षमतेच्या व्यायामाचा आढावा घेतला: ७५ चाचण्या, ३०१७ रुग्ण. चालण्याचा वेग, तोल, रोजची कामं करण्याची ताकद, हे सगळं दम वाढवणाऱ्या व्यायामाने सुधारतं. आयुष्य किती वाढतं हे सांगण्याइतके मृत्यू त्या चाचण्यांत झालेच नव्हते, आणि मी ते गृहीत धरून तुम्हाला काही सांगणार नाही.

चार मिलिमीटर म्हणजे काय, असं कुणी विचारेल. एका माणसाच्या एका दिवसाच्या मापात तो फरक दिसणारही नाही. चहा प्यायला, जिना चढला, रागावला की बीपी त्याहून जास्त हलतं. पण गोळीच्या वर मिळणारे चार मिलिमीटर, वर्षभर, रोज, हा वेगळा हिशेब आहे. शिवाय गोळी फक्त दाबावर काम करते. चालणं साखरेवर, वजनावर, झोपेवर, मनाच्या उदासीवर आणि पायातल्या ताकदीवरही काम करतं. गोळीऐवजी चालणं असं मात्र कधीही समजू नका. "मी रोज फिरतो, गोळी सोडली" हे वाक्य मला फार भीतीदायक वाटतं.

दुसरी भीती उलट्या बाजूची, आणि ती जास्त पसरलेली आहे. "चाललं की बीपी वाढते नं डाक्टरसायेब, मग परत झटका आला तं?" हा प्रश्न चुकीचा नाही. चालताना वरचं बीपी वाढतंच, वाढायलाच हवं. हृदयाला काम करणाऱ्या स्नायूंकडे जास्त रक्त पाठवायचं असतं. पण त्याच वेळी त्या स्नायूंमधल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून खालचं बीपी फारसं वाढत नाही, कधी थोडं उतरतंही. आणि चालणं थांबल्यावर जे होतं ते महत्त्वाचं. वाहिन्या काही काळ सैलच राहतात, त्यांना आवळून धरणाऱ्या मज्जासंस्थेचा जोर कमी झालेला असतो, आणि बीपी सुरुवातीपेक्षाही खाली येऊन काही तास तसंच राहतं. रोज चाललात तर रोज ते काही तास मिळतात. आठवडे-महिने गेले की वाहिन्यांचं आतलं अस्तर सुधारतं, त्या लवचीक होतात, आणि विसाव्याचंच बीपी खाली सरकतं.

पण सगळ्या व्यायामाने असं होत नाही, आणि इथे मला आपल्या अमरावतीच्या व्यायामपरंपरेबद्दल थोडं सविस्तर बोलायचं आहे.

१९१४ मध्ये वैद्य बंधूंनी, अंबादासपंत आणि अनंतराव यांनी, या शहरात श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं केलं. आखाड्यापासून सुरुवात झालेल्या या संस्थेने शारीरिक शिक्षण हा अभ्यासाचा विषय आहे हे महाराष्ट्राला दाखवलं. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी इथलं पथक जर्मनीला गेलं आणि कबड्डीसारखे आपले खेळ, आपले व्यायामप्रकार त्याने तिथे करून दाखवले. आज या मंडळाच्या, म्हणजे एचव्हीपीएमच्या, आवारात शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय आहे, मैदानं आहेत, जलतरण तलाव आहे. वऱ्हाडातल्या शाळाशाळांतले व्यायामशिक्षक इथून शिकून गेले. या गोष्टीचा मला मनापासून अभिमान आहे.

या परंपरेचा एक परिणाम असा झाला की वऱ्हाडी माणसाच्या मनात व्यायाम म्हणजे जोर, बैठका, डंबेल्स, मुदगल, घाम गाळणं. चालण्याला तो व्यायाम मानतच नाही. शेतकरी म्हणतो, "मी तं दिवसभर वावरातच असतो, मले कायचा व्यायाम?" आणि लकवा झालेल्या तरुणाला त्याचे मित्र दुखऱ्या हातात वजन देऊन "लाव जोर" म्हणतात. तो श्वास कोंडून, दात-ओठ खाऊन जोर लावतो. १९८५ मध्ये कॅनडात शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत थेट नळी घालून वजन ढकलताना त्यांचं बीपी मोजलं गेलं. दोन्ही पायांनी पूर्ण ताकदीने वजन ढकलताना ते सरासरी ३२०/२५० पर्यंत गेलं होतं. ती तरुण, धडधाकट माणसं होती आणि तो काही सेकंदांचा खेळ होता. ज्याच्या मेंदूतली एक वाहिनी आधीच फुटली किंवा बुजली आहे, त्याने श्वास रोखून ताकद लावू नये. हलक्या वजनाचे, श्वास सोडत करायचे ताकदीचे व्यायाम त्यालाही लागतात, फिजिओथेरपिस्ट ते शिकवतात. पण सुरुवात आणि पाया चालण्याचा.

म्हणजे उद्यापासून सगळ्यांना खाटेवरून ओढून मैदानात न्यायचं का? नाही. घाईने नुकसान होतं, आणि ते सिद्ध झालेलं आहे. 'अव्हर्ट' नावाची चाचणी पाच देशांतल्या ५६ रुग्णालयांत झाली, २१०४ रुग्णांवर. झटका आल्यापासून २४ तासांच्या आत रुग्णाला उठवायचं आणि वारंवार, जास्त वेळ हलवायचं, असा एक गट होता. दुसऱ्याला नेहमीची काळजी. उत्साही गट जिंकेल असं सगळ्यांना वाटत होतं. २०१५ मध्ये निकाल आला तो उलटा: तीन महिन्यांनी चांगल्या अवस्थेत असलेल्यांचं प्रमाण उत्साही गटात ४६ टक्के, नेहमीच्या काळजीत ५० टक्के. पुढे २०१९ मध्ये जर्मनीतून आणखी एक निकाल आला. झटक्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतल्या २०० रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना चार आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, २५ मिनिटं, पट्ट्यांनी अंग तोलून धरत ट्रेडमिलवर चालवलं. उरलेल्यांना शिथिलीकरणाचे व्यायाम दिले. तीन महिन्यांनी चालण्याच्या वेगात आणि स्वावलंबनात दोन्ही गट सारखेच होते, आणि ट्रेडमिल गटात गंभीर प्रतिकूल घटना जास्त नोंदल्या गेल्या.

माझ्या विषयाला गैरसोयीचे असले तरी हे निकाल मी मुद्दाम सांगतो आहे. व्यायाम हे औषध आहे असं म्हणायचं तर औषधासारखंच त्याची वेळ, मात्रा आणि दुष्परिणाम मानावे लागतात. पहिले दिवस रुग्णालयाचे. तिथे थोडं थोडं उठवणं-बसवणं तज्ज्ञ ठरवतील. घरी आल्यावर, बीपी आवाक्यात आल्यावर, ईसीजी आणि हृदयाची तपासणी झाल्यावर, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर चालणं वाढवायचं. दम वाढवण्याच्या व्यायामाचं खरं माहेर म्हणजे त्यानंतरचे महिने आणि वर्षं. आणि नेमकी तीच वर्षं आपल्याकडे खाटेवर जातात.

मात्रा किती? अमेरिकेतल्या हृदय आणि पक्षाघात संघटनांच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचना जेवढं सांगतात ते ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल: निदान आठवड्यातून चार दिवस, प्रत्येक वेळी निदान दहा मिनिटं, मध्यम गतीने. एवढंच. ज्याला झेपेल त्याने हळूहळू वीस, तीस, चाळीस मिनिटांवर जावं. पण सुरुवात दहा मिनिटांची, आणि तीही सलग होत नसेल तर तीन-तीन मिनिटांची. हे लक्षात ठेवा की एका बाजूची ताकद गेलेल्या माणसाला तेवढंच अंतर चालायला धडधाकट माणसाच्या दीडपट-दुप्पट शक्ती लागते. तुम्हाला तो अंगणात येरझारा घालताना दिसतो. त्याच्या हृदयाला मात्र चढ चढल्यासारखं वाटत असतं.

गती कशी ओळखायची? नाडी मोजून, असं पुस्तकं सांगतात. पण आपल्याकडे अनेकांना बीपीसाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉल, अटेनोलॉलसारख्या गोळ्या चालू असतात, त्या नाडी फारशी वाढू देत नाहीत. त्यापेक्षा साधी खूण: चालताना बोलता आलं पाहिजे, गाणं मात्र म्हणता येऊ नये. वाक्य तुटायला लागलं की गती कमी. झटक्याने ज्याची वाचाच गेली आहे, त्याच्या चेहऱ्याकडे आणि श्वासाकडे सोबतच्या माणसाने बघायचं. निघण्याआधी बीपी मोजा. वरचं १८० किंवा खालचं ११० च्या पुढे असेल तर त्या दिवशी चालणं नको, डॉक्टरांना कळवा. छातीत दुखलं, डोकं एकाएकी जोरात दुखायला लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तोंड किंवा हात नव्याने वाकडा-लुळा वाटला, तर तिथेच बसवा आणि १०८ ला फोन करा. पाऊल जमिनीला घासत असेल तर घोट्याचा पट्टा लावा, चप्पल नको, मागून बंद असलेला बूट हवा. सोबत चालणाऱ्याने लुळ्या बाजूला राहायचं. पडणं ही या वाटेवरची सगळ्यांत मोठी अडचण आहे, कारण एकदा पडलेला माणूस पुन्हा चालायला तयार होत नाही. मांडीचं हाड मोडलं तर तो उठतच नाही.

इथपर्यंतचं कुठल्याही शहरात सांगता आलं असतं. आता खास वऱ्हाडाचं.

पहिलं ऊन. मे महिन्यात अकोल्यात पारा ४५ च्या पुढे जातो, अमरावती फार मागे नसते. बीपीच्या अनेक रुग्णांना लघवी वाढवणारी गोळी दिलेली असते. उन्हाळ्यात घाम, वर ही गोळी, आणि लकव्याने गिळायला त्रास म्हणून पाणीही कमी प्यायलेलं, असं सगळं जुळून आलं की उभं राहताच बीपी धाडकन उतरतं आणि माणूस कोसळतो. म्हणून मार्च ते जून चालणं पहाटे, नाहीतर घरातच. आणि उन्हाळा लागताना एकदा डॉक्टरांना भेटून गोळ्यांची मात्रा तपासून घ्यायची. स्वतःच्या मनाने गोळी कमी करायची नाही.

दुसरं पाणी. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात पसरलेला खारपाणपट्टा तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, शेगाव, संग्रामपूर या भागांतल्या कितीतरी विहिरींचं आणि बोअरचं पाणी जिभेलाच खारं लागतं. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या आत असावेत, दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालतील, असं भारतीय मानक सांगतं. या पट्ट्यात त्याच्या पलीकडचं पाणी पिऊन पिढ्या वाढल्या. या पाण्याचा आणि मूत्रपिंडाच्या आजारांचा संबंध लोक वर्षानुवर्षं बोलत आले आहेत. बीपीशी असलेल्या संबंधाबद्दल मात्र कुणी बोलत नाही.

हिशेब करून बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार दिवसाचं मीठ पाच ग्रॅमच्या आत असावं, म्हणजे सोडियम दोन ग्रॅम. समजा एखाद्या बोअरच्या पाण्यात लिटरमागे अर्धा ग्रॅम सोडियम आहे आणि उन्हाळ्यात मजूर दिवसाला पाच लिटर पाणी पितो. तोंडात घास जायच्या आधीच अडीच ग्रॅम सोडियम पोटात गेलं. वर ठेचा, लोणचं, पापड, आणि भाकरीसोबतचं वरून घेतलेलं मीठ. अशा माणसाला आपण "मीठ कमी करा" असा कागद लिहून देतो, तेव्हा त्याच्या पाण्याबद्दल एक प्रश्नही विचारत नाही. वान धरणावरची ८४ खेडी योजना किंवा काटेपूर्णेवरची खांबोऱ्याची ६४ खेडी योजना यांसारख्या योजना आपण तहानेच्या योजना म्हणून बघतो. माझ्या मते त्या बीपीच्याही योजना आहेत, आणि ज्या गावात नळाला पंधरा-पंधरा दिवस पाणी येत नाही तिथे लोक पुन्हा खाऱ्या बोअरकडे वळतात, हा आरोग्य खात्याने नोंद घेण्याचा विषय आहे. लकवा झालेल्या माणसाच्या घरी निदान त्याच्या पिण्यापुरतं आणि भाजीपुरतं गोडं पाणी वेगळं ठेवावं. बाकी घर खारं पाणी पीत असताना एकासाठी वेगळी घागर ठेवणं सोपं नाही, हे मला कळतं.

तंबाखूवर मी फार वेळ घेत नाही. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे आणि खर्रा कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो, हे तुम्ही जाणता. खर्रा तोंडात धरून चालायला निघणाऱ्याचं चालणं अर्धं वाया जातं.

तिसरी गोष्ट घरातल्या माणसांची. तज्ज्ञ कमी आहेत, तालुक्याच्या गावी फिजिओथेरपिस्ट मिळणं मुश्कील, तर मग घरच्यांनाच शिकवून त्यांच्याकडून व्यायाम करून घ्यावा, हा विचार कुणालाही सुचेल. भारतातच तो तपासून पाहिला गेला. 'अटेंड' ही चाचणी देशातल्या १४ रुग्णालयांत झाली, १२५० रुग्ण. निम्म्यांच्या नातेवाइकांना पुनर्वसनाचं प्रशिक्षण दिलं. २०१७ मध्ये निकाल आला: सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन याचं प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्के. काही फरक नाही. पुढे 'स्प्रिंट इंडिया' चाचणीत ३१ केंद्रांतल्या ४२९८ रुग्णांपैकी निम्म्यांना एसएमएस, व्हिडिओ आणि पुस्तिका यांतून काळजीचं शिक्षण दिलं. २०२३ चा निकाल: वर्षभरात पुन्हा झटका येण्याचं प्रमाण घटलं नाही. गोळ्या घेण्यात आणि व्यसन सोडण्यात थोडी सुधारणा झाली.

काही जण यावरून म्हणतात की काही करून उपयोग नाही. मी वेगळं वाचतो. घरावर आणखी एक काम टाकून, मोबाइलवर आणखी एक संदेश पाठवून हे होणार नाही, असं हे निकाल सांगतात. घरची सून आधीच स्वयंपाक, गुरं, मुलं, सोयाबीनची सोंगणी आणि सासऱ्याची शी-शू यांत बुडालेली असते. तिला आपण तासाभराचं प्रशिक्षण देतो आणि वर "रोज तीनदा व्यायाम करून घ्या" म्हणतो. ज्या घरात ती स्वतःच लकव्याने पडली आहे, तिथे तर करून घेणारंच कुणी नसतं. पुरुषाला निदान पारावर नेऊन बसवतात. बाईला चारचौघांत पाय ओढत चालण्याची लाज वाटते आणि घरचेही तिला बाहेर काढत नाहीत. तिचं चालणं न्हाणीपर्यंत आणि परत, एवढंच उरतं.

म्हणून माझा प्रश्न व्यायाम कसा करावा हा नाही, तो कुठे आणि कुणासोबत करावा हा आहे. याचं उत्तर या शहराने एकदा वेगळ्या आजाराबाबत दिलेलं आहे. १९४६ मध्ये डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी अमरावतीजवळ तपोवन उभं केलं. ज्यांना गावाने हाकललं होतं त्या कुष्ठरुग्णांना औषधाबरोबर जागा, काम आणि सोबत दिली. पक्षाघाताच्या रुग्णाला कुणी हाकलत नाही, त्याला घरातच मागे ठेवलं जातं. पण जागा आणि सोबत त्यालाही हवी आहे.

जागा आपल्याकडे आहेत. सपाट, वाहनं नसलेला, सावलीचा रस्ता कुठे मिळतो याची यादी कुणीही इथल्या इथे करू शकेल. एचव्हीपीएमचं आवार. अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, जिथे आजही पहाटे शेकडो लोक फिरायला जातात. जिल्हा परिषदेच्या शाळांची पटांगणं सकाळी सातपर्यंत रिकामी असतात. गावोगावी मंदिरांचे सभामंडप आहेत, पावसाळ्यात आणि उन्हात तेच बरे. माणसंही आहेत: आयुष्मान आरोग्य मंदिरात समुदाय आरोग्य अधिकारी आणि बीपीचं यंत्र आहे, आशाताईंना गावातला प्रत्येक रुग्ण नावाने माहीत आहे, शारीरिक शिक्षणाचे विद्यार्थी दरवर्षी या शहरात शिकायला येतात. त्यांच्या अभ्यासक्रमात पक्षाघाताच्या रुग्णाला सुरक्षित चालवण्याचं प्रात्यक्षिक आणि आठवड्यातले दोन दिवस अशा रुग्णांच्या गटासोबतचं काम का असू नये? उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम महाराष्ट्रात भंडारा, वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत सुरू झाला, तेव्हा मोफत गोळी, ठरलेली उपचारपद्धत आणि प्रत्येक रुग्णाची नोंद एवढ्या साध्या गोष्टींवर भर होता. त्याच नोंदीत एक रकाना चालण्याचा वाढवता येईल.

आणि वऱ्हाडाला पायी चालण्याचं प्रेम शिकवायला नको. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावर घेऊन अकोल्याच्या राजराजेश्वरापर्यंत कावडी येतात. अकोल्याहून शेगावला पायी जाणाऱ्यांची रीघ असते. लकवा झालेले बाबा खाटेवरून विचारतात, "डाक्टर, मी परत शेगावले पायी जाईन का?" या प्रश्नात मला मोठी आशा दिसते, कारण 'व्यायाम करा' या सल्ल्यापेक्षा ही ओढ माणसाला जास्त दिवस चालवते. मी त्यांना खोटं सांगत नाही. बहुतेकांना ते संपूर्ण अंतर जमणार नाही. पण गावच्या वेशीपर्यंत पालखीसोबत चालणं जमेल, आणि त्यासाठी आजपासून रोज दहा मिनिटं लागतील. गावोगावच्या दिंडी मंडळांनी अशा माणसांसाठी वेशीपर्यंतची एक संथ दिंडी काढली, पुढे-मागे दोन स्वयंसेवक आणि एक खुर्ची ठेवली, तर माझ्या कुठल्याही चिठ्ठीपेक्षा ती जास्त काम करेल.

या सभेतून काही सुरू व्हायचं असेल तर ते असं सुरू करता येईल. आठवड्यातले चार दिवस, सकाळी सहा ते सात. एक मैदान, त्याच्या कडेने दर पन्नास पावलांवर टेकायला बाक. दाराशी एक बीपीचं यंत्र आणि एक वही. बायकांसाठी वेगळी वेळ किंवा वेगळा कोपरा, त्यांना जे सोयीचं वाटेल ते. प्रत्येक रुग्णासोबत घरच्या माणसाऐवजी आलटून-पालटून येणारा एक स्वयंसेवक, म्हणजे घरच्या बाईला तो तास स्वतःसाठी मिळेल. आपल्या ओळखीतल्या लकव्याच्या रुग्णांना तपासणाऱ्या डॉक्टरांना विचारून नावं काढा. कुणाला चालता येईल, कुणाला आधी बसून पायडल, हे ते सांगतील. ज्यांना यात वेळ द्यायचा आहे त्यांनी सभा संपल्यावर इथेच थांबावं, मी थांबणार आहे.